शिवप्पाच्या कपाळावरच्या माश्या

रेणापूरच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं, की नाल्यापलीकडे दोन आमराया शेजारी शेजारी लागतात. मधे एक बांध. बांधाच्या अलीकडे शिवप्पा, पलीकडे त्याचा धाकटा भाऊ संगमेश्वर. झाडं एकाच बापानं म्हातारपणी लावलेली, सगळी केशर, एकाच विहिरीचं पाणी प्यालेली. पण अलीकडच्या झाडांना जन्मभर जो संशय सोसावा लागला, तो पलीकडच्यांच्या वाट्याला आला नाही. एवढाच काय तो फरक.

शिवप्पाला शक येतो असं म्हणणं म्हणजे पाणी ओलं असतं म्हणण्यासारखं आहे. दूध आलं की तो आधी एक थेंब नखावर घेऊन उन्हात धरायचा. एसटीत बसला की कंडक्टरला विचारायचा, ही गाडी लातूरलाच चाललीय ना? मग जाऊन ड्रायव्हरलाही विचारायचा. आणि दोघांचं उत्तर एकच आलं की बेचैन व्हायचा, हे दोघं आधीच ठरवून तर आले नाहीत? स्वतःच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यानं बाशिंग बाजूला सारून खाली वाकून पाहिलं होतं. दाखवलेली मुलगी एक आणि उभी केलेली दुसरी, असा प्रकार कुठंतरी घडल्याचं त्याच्या कानावर होतं. त्याची बायको रुद्राणी हे अजून सगळ्यांना सांगते, "आधी पाय बघितले माझे. तोंड मागून."

लहानपणीची त्याची एक गंमत तर गाव विसरायला तयार नाही. ओसरीवर मुंग्यांची रांग चालली होती. शिवप्पानं रांगेवरून आडवं बोट फिरवलं. रांग तुटली. अलीकडच्या मुंग्या अलीकडेच थबकल्या, पलीकडच्या पलीकडे गोल गोल फिरू लागल्या. दुसऱ्या पोरानं टाळ्या पिटल्या असत्या. शिवप्पा धावत आईकडे गेला आणि म्हणाला, "अव्वा, मुंग्या एकमेकींना काहीतरी सांगून राहिल्यात, अन् मला कळू देईना झाल्यात!"

तर असा हा माणूस. त्याची लेक मंजुश्री उदगीरला दिलेली. व्याही बंडेप्पा, मोंढ्यात आडतीचं दुकान, आवाज असा की क्विंटलचं पोतं जिभेनंच उचलावं. गेल्या साली शिवप्पानं लेकीच्या सासरी पहिल्या उतारीचे आंबे मोठ्या हौसेनं पाठवले. बंडेप्पानं चार पाहुण्यांसमोर आंबा चिरला, आणि आतून पांढरी अळी निघाली. नुसती निघाली असती तरी झाकता आलं असतं. त्या अळीनं ताटातून उडी मारली. फळमाशीची अळी मारतेच तशी, अंगाची कमान करून टणकन. ती थेट एका पाहुण्याच्या धोतरावर.

बंडेप्पानं त्याच संध्याकाळी फोन केला. "पावणं, आंबा लई गोड हाय. पर आत भाडेकरू ठेवलाय, हे आधी सांगायचं की!"

शिवप्पाला त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. त्यात यंदा आला धोंड्याचा महिना. तीन सालांनी येणारा हा अधिकमास, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि हातावर वाण ठेवायचं. मंजुश्रीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. तो पडला ऐन आंब्यात, म्हणजे वाणात घरच्या बागेच्या आंब्यांची डाल, गवत घालून भरलेली बांबूची टोपली, हवीच. वर बंडेप्पानं निरोप धाडला होता, "जावयासंगं मी बी येतो. यंदा आंबे माझ्या हातानं घेऊन जातो." शिवप्पानं तो निरोप तीनदा वदवून घेतला आणि तिन्ही वेळा त्याला त्यात टोमणाच ऐकू आला.

अळी आली कुठून, याचा तपास त्यानं केव्हाच सुरू केला होता. आधी त्यानं डालीतल्या गवतावर शक घेतला. मग टेम्पोवाल्यावर. मग खुद्द बंडेप्पावर, की हा माणूस अळी बाहेरून आणून आंब्यात घालण्याइतका हुशार आहे. शेवटी शक येऊन टेकला तो बांधापलीकडे.

कारण संगमेश्वरचे आंबे गेल्या साली स्वच्छ निघाले होते. त्याची मुलगी दामिनी लातूरला शेतीच्या कॉलेजात शिकते. तिच्या सांगण्यावरून त्यानं झाडांना पिवळ्या झाकणाचे डबे टांगले होते. फळमाशीचे सापळे. आत वासाच्या औषधात भिजवलेला लाकडाचा चौकोनी तुकडा, खाली साबणाचं पाणी. वासानं माशी आत शिरते आणि पाण्यात पडते. यातले काही डबे अगदी बांधालगतच्या झाडांना लटकत होते.

"वासानं माशी येते म्हंतो," शिवप्पा रुद्राणीला म्हणाला. "मंग ती येते कुठून? आभाळातून? आख्ख्या रेणापूरच्या माशा हा संगू आपल्या बांधावर बोलवून राहिला. चार त्याच्या डब्यात पडतात अन् चाळीस आपल्या झाडावर मुक्कामाला."

"मंग आपण बी डबे लावा की."

"म्हंजे उरलेल्या माशा आपण बोलवायच्या?"

यंदा कैऱ्या बोराएवढ्या झाल्या आणि संगमेश्वरचे डबे पुन्हा बांधावर दिसू लागले. एका भर दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, शिवप्पा बांध ओलांडून गेला आणि ते डबे काढून त्यानं भावाच्या बागेच्या अगदी पलीकडच्या टोकाला, नाल्याकडच्या झाडांना नेऊन टांगले. मोडले नाहीत, फेकले नाहीत. नुसते दूर नेले. आपण चोरी केली नाही, पाहुण्यांना दुसऱ्या दाराची वाट दाखवली, असं त्यानं स्वतःला समजावलं. संगमेश्वरला ते दिसलं असणारच. तो काही बोलला नाही. आणि तो बोलला नाही, याचाच शिवप्पाला जास्त शक आला.

धोंडा जवळ आला तसा मात्र त्याचा धीर सुटला आणि त्यानं स्वतःही डबे आणले. लातूरच्या दुकानदारानं पाकीट दाखवून बजावलं होतं, तुकडा लावायच्या वेळेसच पाकीट फोडा, उघड्या हातानं धरू नका. घरी येताच शिवप्पानं सगळी पाकिटं फोडली. आत माल आहे की नुसतंच लाकूड, हे पाहायला नको? एकेक तुकडा नाकाशी नेला. आता, शिवप्पाला तपकिरीची सवय चाळीस वर्षांची. त्याच्या नाकाला हिंग आणि मोगरा यांतला फरक कळणं बंद होऊन जमाना झाला होता.

"वासच न्हाई!" तो म्हणाला. "फसवलं भाड्यानं."

तरी परीक्षा म्हणून दोन तुकडे डब्यांत घालून त्यानं टांगले. उरलेले ठेवायचे कुठे? गोठ्यात ठेवले तर उंदीर. कोठीत ठेवले तर रुद्राणी आवराआवर करून फेकणार. ओसरीवर संगूची माणसं येतात-जातात. साऱ्या घरात एकच जागा अशी होती की जिथं आंघोळ केल्याशिवाय कुणी हात घालत नाही आणि परक्या माणसाची तर टाप नाही. देवघरातला विभूतीचा पितळी डबा. शिवप्पानं तुकडे कागदात गुंडाळून विभूतीच्या गोळ्यांखाली सारले, झाकण दाबून लावलं, आणि बऱ्याच दिवसांनी निर्धास्त झोपला.

दोन डब्यांत दोन दिवसांत माश्या पडल्या. चांगल्या पसाभर. पिवळट, बारीक कमरेच्या, गांधीलमाशीच्या धाकट्या पोरी शोभाव्यात अशा. रुद्राणी खूश झाली. शिवप्पानं डब्यात वाकून पाहिलं.

"ह्या आपल्या न्हाईत," तो म्हणाला. "संगूकडल्या हायत. वासावर इकडं आल्यात." आणि त्यानं दोन्ही डबे उतरवून ठेवले.

पुढच्याच आठवड्यात त्याच्यामागे नवं झेंगट लागलं. सकाळी आंघोळ, इष्टलिंगाची पूजा, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, आणि मग बागेत फेरी, हा त्याचा शिरस्ता. त्या सकाळी तो झाडाखाली उभा राहिला आणि एक माशी येऊन कपाळावर बसली. हाकलली. दोन आल्या. त्या हाकलल्या तर चार. चावत नव्हत्या, गुणगुणत नव्हत्या. नुसत्या कपाळावर बसून, खाली तोंड घालून, मन लावून चाटत होत्या. डोळ्यांसमोर एवढ्या जवळून माशीचं बूड पाहणं कुणाच्या नशिबी येऊ नये.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गावात पारावर बसला तर तिथंही दोन-तीन हजर. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "अप्पा, यंदा तुमच्या कपाळाला मोहर आलाय वाटतं!" सगळा पार हसला. शिवप्पा हसला नाही. इतक्या कपाळांतून माझंच का, हा सवाल त्याच्या डोक्यात किड्यासारखा शिरला होता.

"संगूनं काहीतरी केलंय," तो घरी येऊन म्हणाला. "डबे हलवले त्याचा बदला घेऊन राहिला."

"कुठले डबे?" रुद्राणीनं विचारलं. हा कारभार तिला ठाऊक नव्हता. आता झाला. तिनं कपाळावर हात मारला आणि मग वास घेतल्यासारखं नाक उडवलं. "अन् तुमच्या कपाळाला लवंगेचा वास कशाचा येऊन राहिला ओ?"

"लवंगेचा? तूच विभूतीत काही कालवलंस का?"

"हाव. गरम मसाला कालवला. आता धोंड्याला तुमचंच वरण करते!"

पण शिवप्पाच्या शकाची एक तऱ्हा होती. तो फक्त दुसऱ्यावर शक घेऊन थांबत नसे. घेतलेल्या शकावरही त्याचा भरवसा नसे. संगूनं केलं म्हणतो खरं, पण कशावरून? दुसऱ्या दिवशी त्यानं रुद्राणीला बागेत नेऊन झाडाखाली उभं केलं. तिच्याकडे एक माशी फिरकली नाही. त्याच्याकडे दहा. मग त्यानं पटका काढून फांदीवर ठेवला आणि स्वतः दूर सरकला. माश्या पटक्याला सोडून त्याच्यामागे आल्या. म्हणजे पटका सुटला. सदरा काढला. सदराही सुटला. उघड्या अंगानं झाडाखाली उभा राहून स्वतःचीच झडती घेणाऱ्या नवऱ्याकडे पाहत रुद्राणी म्हणाली, "धोतराला हात लावू नका. मी इथंच मानते, ते बी बेकसूर हाय."

राहिलं कपाळ. त्यानं विहिरीवर जाऊन तोंड खसाखसा धुतलं. माश्या पांगल्या.

तो तसाच विहिरीच्या काठावर बसून राहिला. पाणी निथळत होतं. कपाळावर होतं काय? विभूती. दूधवाल्यावर शक घेणं वेगळं, ड्रायव्हरवर वेगळं. महादेवाच्या विभूतीवर शक घ्यायचा म्हणजे जीभ झडायची. पण मन ऐकेना. तो घरात गेला, देवापुढं हात जोडले, "माफ कर बा, नुसतं बघून घेतो," म्हणाला, आणि डबा उघडला. गोळ्या बाजूला सारल्या. खाली कागद. कागदात त्याचेच तुकडे.

साऱ्या जगावर पाळत ठेवताना एक माणूस तेवढा त्याच्या नजरेतून सुटला होता.

मग तो डबा काखेत घेऊन, बांध ओलांडून, संगमेश्वरच्या अंगणात गेला. दिवसाढवळ्या. दामिनी सुट्टीला आलेली होती. तिनं डबा उघडला, वास घेतला, आणि अंगणातल्या बाजेवर बसून अशी हसली की आतून संगमेश्वर धावत बाहेर आला.

"मोठेअप्पा, तुमी कपाळाला सापळा लावून फिरून राहिले होते!"

"हसणं मागून हस. आधी सांग, त्या चाटत काय होत्या?"

दामिनी सांगू लागली. ह्या सगळ्या नर माश्या. लग्नाळू. हे तेल चाटलं की त्याचं पोटात दुसरंच काहीतरी होतं, नवा वास तयार होतो. तो शेपटाकडच्या पिशवीत साठवायचा. दिवस मावळायला लागला की पंख फडफडवून हवेत सोडायचा. मादी त्या वासावर येते. ज्यानं तेल चाटलंय तो नवरदेव तिला पसंत. ज्यानं चाटलं नाही त्याला सहसा कुणी विचारत नाही.

"म्हंजे अत्तर लावून मुलगी बघायला जातात."

"अत्तर इकत न्हाई घेत, पोटात गाळतात. मोठेअप्पा, किड्यांचं सगळं बोलणंच वासाचं असतं. मुंग्यांची रांग बघितली न्हाई का? पहिली मुंगी वास सांडत जाते, बाकीच्या तो हुंगत मागं जातात. बोटानं पुसला की रस्ताच गायब."

शिवप्पानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "म्हंजे बोलतच होत्या त्या," तो हळूच म्हणाला. लगेच सावरला. "पर नर मारून काय उपयोग? आंब्यात अंडी तर मादी घालती."

"नरच उरले न्हाईत तर अंडी फुटणार कशी? पर सगळे नर सापडायला पायजेत. थोडे उरले तरी तेवढे बस होतात. म्हणून डबे साऱ्या बागेत लावावे लागतात, अन् शेजाऱ्यानं बी लावावे लागतात. एकट्यानं एका कडेला लावून भागत न्हाई."

"अन् हा वास फकत दुकानातच भेटतो?"

"तुळशीत बी असतो थोडा."

"मंग आमच्या तुळशीवर का येत न्हाईत माशा?"

"येतात की. तुमी तुळशीवर कधी शक घेतला न्हाई, म्हणून दिसल्या न्हाईत."

मग संगमेश्वर म्हणाला, "अण्णा, तुमच्या झाडाचे दोन आंबे आणून चिरा आत्ताच."

आणले. चिरले. पहिला निर्मळ. दुसऱ्यात अळ्या, कोयीपर्यंत. धोंडा चार दिवसांवर. बंडेप्पा निघायच्या बेतात. आता डबे टांगून काय होणार? जे आत शिरायचं ते शिरून बसलं होतं, आणि कुठल्या आंब्यात शिरलंय हे बाहेरून दिसत नाही. माशीनं टोचलेली जागा सुईच्या टोकाएवढी.

"वाणाची डाल माझ्या झाडाची न्या," संगमेश्वर म्हणाला. "बापाचीच झाडं ती."

शिवप्पानं मान हलवली. त्यातून हो की नाही ते कुणालाच कळलं नाही.

संध्याकाळी डाल आली. गवतात बसवलेले, देठासकट काढलेले, भरीव आंबे. शिवप्पा डालीसमोर बसला. त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. ह्याचे डबे मी हलवले. ह्याला माहीत आहे. हा एका शब्दानं बोलला नाही. आता न मागता डाल देतो. यात एक, फक्त एकच किडका आंबा मधल्या थरात घातला असेल तर? बंडेप्पाच्या ताटात ती पुन्हा उडी मारेल, आणि इकडे संगूची फिट्टंफाट. आपण त्याच्या जागी असतो तर? हा सवाल मनात आला तसा तो दचकला, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं.

त्यानं सुरी उचलली.

"आता हे काय?" रुद्राणी मागून म्हणाली.

"एकच बघतो. वरचा."

"वरचा निर्मळ निघाला तर खालचा बघाल. मंग मधला. अन् मंग जावयाच्या हातावर काय ठेवाल, फोडी? चिरून बघितलेला आंबा वाणात देतात व्हय? द्यायचा तर अख्खा, न्हाईतर नका देऊ."

तो कितीतरी वेळ सुरी हातात धरून बसला. नखावर थेंब घेऊन पाहावा असं हे दूध नव्हतं. ड्रायव्हरला विचारून घ्यावं अशी ही गाडी नव्हती. आत काय आहे हे माहीत असणारा माणूस जगात एकच, बांधापलीकडचा. त्याच्यावर भरवसा तरी टाकायचा, नाहीतर डाल परत धाडायची. मधला रस्ता नव्हता, आणि शिवप्पा जन्मभर मधल्याच रस्त्यानं चालत आला होता.

शेवटी त्यानं सुरी कोनाड्यात ठेवली आणि डालीवर स्वतःच्या हातानं फडकं बांधलं. गाठ मात्र तीन वेळा ओढून पाहिली.

धोंड्याचं जेवण झकास झालं. पुरणाचे धोंडे, तूप, आमरसही संगूच्याच आंब्यांचा. बंडेप्पानं वाटीत चमचा फिरवत विचारलं, "पावणं, यंदा घर खाली हाय ना? का भाडेकरू हायतच?" सगळे हसले. हातातला घास ताटात ठेवून शिवप्पा म्हणाला, "ही डाल माझ्या झाडाची न्हाई. माझ्या भावाच्या झाडाची हाय." बंडेप्पानं भुवई वर केली. त्याच्या ध्यानात होतं, दोन भावांत बोलचाल बेताचीच. डाल जीपमध्ये गेली.

आंबे पिकायला आठेक दिवस लागणार होते. ते दिवस शिवप्पानं कसे काढले, ते रुद्राणीलाच माहीत. फोन वाजला की तो दचकायचा, नाही वाजला की जास्त दचकायचा. मंजुश्रीचा फोन आला, ती पावसाबद्दल बोलली, नणंदेबद्दल बोलली, आंब्याचं नाव काढलं नाही. म्हणजे निघाली अळी, हे त्यानं पक्कं केलं. तरी तो संगूच्या बागेत जात राहिला. उरलेल्या उतारीसाठी दोघं भाऊ मिळून दोन्ही बागांत डबे टांगत होते, बांधावर गर्दी न करता सगळीकडे सारखे, दामिनीनं सांगितलं तसे.

शिवप्पा शिडीवर होता तेव्हा बंडेप्पाचा फोन आला. संगमेश्वरनं शिडी धरलेली. बंडेप्पाचा आवाज इतका मोठा, की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

"पावणं, मानलं तुमाला! आंबे पिकले तसे एकेक करून समदे चिरले. पहिला चिरला, निर्मळ. म्हटलं, पुढच्यात असंल. पार खालच्या थरापावतर बघितलं. एकात बी अळी न्हाई!"

शिवप्पाचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"समदे चिरले?" तो म्हणाला. "बघायसाठी?"

"हाव. गेल्या सालचं ध्यानात होतं ना."

"गेल्या सालचे माझे होते! हे माझ्या भावाचे हायत, हे मी तुमाला ताटावर बसून सांगितलं होतं का न्हाई? सांगितलं होतं. मंग चिरून बघायचं काम काय? माझ्या भावाच्या आंब्यावर शक घेता तुमी? लाज वाटायला पायजे, पावणं! आंबा खायाचा असतो, त्याची झडती घ्यायची नसते!"

शिवप्पा अजून बरंच बोलणार होता, पण शिडी हलायला लागली. त्यानं खाली पाहिलं. संगमेश्वर दोन्ही हातांनी शिडी धरून, डोकं खाली घालून हसत होता. खांदे गदागदा हलत होते.

"संग्या, शिडी धर नीट," शिवप्पा वरून ओरडला. "पाडतो का काय मला!"

"धरली हाय, अण्णा," संगमेश्वर म्हणाला. "तुमी डबा बांधा."

शिवप्पानं फोन खिशात घातला आणि दोन्ही हातांनी डबा बांधू लागला.